टेकडीची आठ मिनिटं

बाबा,

आज सायंकाळच्या बसने भंडाऱ्याहून काय आलं ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. अकरावीचं पदार्थविज्ञानाचं पुस्तक, जुनं, पण पानं सगळी आहेत, बारा रुपये. गणिताचं नवं, अठरा रुपये. लॉगटेबल अडीच. कंपासपेटी साडेअकरा, सात रुपयांची पण होती, तिच्या कर्कटकाचा स्क्रू ढिला होता म्हणून नाही घेतली. प्रॅक्टिकलच्या वह्या दोन, आठ रुपये. झाले बावन्न. एसटीचा पास वेगळा, तो सोमवारी काढायचा. देवापुढे ठेवून हळदीकुंकू लावलं आणि मग उघडलं. हे सगळं तुमच्या नातीचं आहे. ती सायन्सला चालली आहे, भंडाऱ्याला. जिथे तुम्ही मला जाऊ दिलं नाही, तिथेच.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुमच्या हयातीत मी तुमच्यापुढे "हो बाबा" याखेरीज दुसरं फारसं बोलले नाही. तुम्ही मास्तर, सगळं आंधळगाव तुम्हाला वाकून नमस्कार करणार, आणि मी घरातली पोरगी. तेव्हा पटलं नव्हतं, आणि आज वय झालं म्हणून पटलंय असंही नाही. पोटात ठेवून ठेवून ते लोणच्यासारखं मुरलं आहे, एवढंच. देवाधर्माचं मी सगळं करते, वाडवडिलांना पानही ठेवते, तुमच्या तिथीला तुमच्या आवडीचा वडाभात होतो. पण पान ठेवणं वेगळं आणि मान डोलावणं वेगळं. आज मान डोलावणार नाही.

सुरुवात तुम्हीच केली होती, हे आधी कबूल करा. मी दहा वर्षांची असेन. चंद्रावरचा ससा नेहमी आपल्याकडेच तोंड करून का असतो, असं मी विचारलं. तुम्ही आंघोळ करून आलेले, पंचा नेसलेला, केस ओले. जेवायला बसायचं सोडून तुम्ही मला तुळशीपाशी उभं केलं. "तुळस म्हंजे पृथ्वी, तू चंद्र. तुळस डाव्या हाताला ठेव आन् फेरी घाल. डावी बाजू तिच्याकडेच राहिली पाहिजे, हलली नाही पाहिजे." मी चालू लागते. स्वयंपाकघराच्या दारातून आई ओरडते, "अवो, उलट्या फेऱ्या काहून घालाले लावता पोरीले? पाप लागन!" आणि तुम्ही म्हणता, "लागन तं मले लागन. चंद्र असाच उलटा फिरते." फेरी झाल्यावर तुम्ही विचारलं, सांग, स्वतःभोवती किती वेळा फिरली? मी म्हटलं, एकही नाही, मी तर सरळ चालले. "मंग तुह्या तोंडासमोर विहीर आली का नाही? गोठा आला? रस्ता आला? मागचं न्हाणीघर आलं?" चारही दिशा आल्या होत्या. म्हणजे एक फेरी घालता घालता माझी स्वतःभोवतीही एक गिरकी पुरी झाली होती, आणि मला तिचा पत्ता नव्हता. "परिभ्रमण एक, परिवलन एक. दोघाईचा कोनीय वेग सारखा. म्हनून ससा कूस बदलत नाही." त्या दिवशी तुमचा भात गार झाला, आणि तुम्ही तो तसाच खाल्लात.

त्या उन्हाळ्यात पुनव झाली की पुढचे तीन-चार दिवस तुम्ही मला रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवर नेत होतात. पलीकडे पाणी, पाण्यापलीकडे कापून गेलेली धानाची सपाट बांधी, आणि त्यातून लाल चंद्र वर येणार. काल निघाला त्यापेक्षा आज उशिरा, उद्या त्याहून उशिरा. का, ते तुम्ही पाळीच्या मातीवर काडीने लिहून दाखवलंत. कोनीय वेग काढणं म्हणजे अवघड काही नाही: एक पूर्ण फेरी म्हणजे तीनशे साठ अंश, तिला लागलेल्या वेळाने भागायचं, संपलं. पृथ्वी स्वतःभोवती चोवीस तासांत फिरते, म्हणजे तासाला पंधरा अंश, एका अंशाला चार मिनिटं. चंद्राला पृथ्वीभोवती फिरायला सत्तावीस दिवस आणि वर थोडं, म्हणजे दिवसाला तेरा अंश. काल जिथे होता तिथून तो तेरा अंश पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला पृथ्वीला तेरा चोक बावन्न मिनिटं जास्त फिरावं लागतं. आणि पृथ्वी सूर्याभोवती वर्षभरात एक फेरी घालते, म्हणजे दिवसाला जेमतेम एक अंश. मी विचारलं, एवढी मोठी पृथ्वी आणि एवढी हळू? तुम्ही म्हणालात, "हळू कोनं सांगतलं तुले? कोन लहान हाय, रस्ता लांब हाय." आणि दर वेळी शेवटी एक वाक्य: क्षितिज सपाट धर. हे वाक्य लक्षात ठेवा, याच्यावर मी पुन्हा येणार आहे.

मग मी मोठी झाले आणि पाळीवर जाणं बंद झालं. तुमच्याकडे ओसरीत सकाळी पोरं शिकवणीला यायची, मोहाडीच्या शाळेत जायच्या आधी. मी आत चुलीपाशी. तुम्ही त्यांना मळणीचं उदाहरण द्यायचात. खळ्यात मधोमध मेढ रोवलेली, तिला एका ओळीत बांधलेले बैल. आतला म्हातारा, बाहेरचा तरणा. फेरी दोघांचीही एकाच वेळी पुरी होते, कारण दोर एक आहे. मग वेग कोणाचा जास्त? पोरं म्हणायची, बाहेरच्याचा. तुम्ही विचारायचात, "आन् कोनीय वेग?" ओसरी गप्प. एकदा ती गप्प बसली ती फारच वेळ बसली, आणि माझ्या तोंडून आतूनच निघून गेलं: "दोघांचा सारखाच!" पोरं हसली. तुम्ही उठून आत आलात. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मला आजही दिसतं. बरं वाटल्याचं काहीतरी होतं तिथे, आणि ते तुम्ही दाबून टाकलंत. हळूच म्हणालात, "भाकर जळून राहिली." ती जळत नव्हती, बाबा. तव्यावर भाकर नव्हतीच. भाताचं आधण होतं.

मॅट्रिकला गणितात शाळेत माझ्यापुढे एकच मुलगा होता. तो भंडाऱ्याला गेला. मी आईकरवी विचारवलं, मग धीर करून स्वतः विचारलं. तुम्ही सायकलची चेन बसवत होता. मान वर न करता म्हणालात, "चंद्र पाहाले भंडाऱ्याले जा लागते काय? तो आपल्या आंगनातून बी दिसते." झालं. दुसऱ्या वर्षी लग्न. पाठवणीच्या वेळी तुम्ही चावीचं टेबलघड्याळ हातात दिलंत आणि म्हणालात, संसारात वेळेचं भान ठेव. घड्याळ चांगलं आहे, अजून चालतं, दिवसाला दोन मिनिटं पुढे जातं, ती मी सकाळच्या बातम्यांना मागे करते. पण मला विचारलं असतं तर मी कोनमापक मागितला असता.

मी काही उपाशी राहिले नाही. यांची फॅक्टरीतली नोकरी, जवाहरनगरचं क्वार्टर, नळाला पाणी. घर मी काटकसरीनं चालवलं, व्रतं केली, कोणाचं काही अडू दिलं नाही. पण मी डोकं बाहेर ठेवून क्वार्टरात शिरले नव्हते. तुमच्या मेढीला मी आतून बांधलेली होते, भंडाऱ्याला गेलेला तो मुलगा बाहेरून. त्याचा रस्ता लांब, माझा आखूड. त्याची वाहवा झाली. पण तुमच्याच गणितानं, कोनीय वेग सारखाच होता. हे तुम्ही पोरांना शिकवलंत, घरात लावून पाहिलं नाही.

आता यंदाचं सांगते. इथे क्वार्टरांच्या ओळीत आम्ही सात-आठ बाया संकष्टी धरतो. उपास सोडायचा तो चंद्र पाहून, आणि चंद्राची वेळ पाहायची ती कॅलेंडरवर. कॅलेंडर वाण्यानं फुकट दिलेलं, मुंबईत छापलेलं. थंडीच्या दिवसांत मी कित्येकदा पाहिलं, चंद्र समोर टेकडीवर येऊन बसलेला, आणि सगळ्या ताटं झाकून घड्याळाकडे पाहत बसलेल्या. मी म्हटलं, हा बघा आला की. शेजारची बाई म्हणाली, "हा अजून कच्चा हाय वं. वेळ झाली म्हंजे पक्का होते." सासूबाई तर साखरेचं दुखणं असून पाण्याचा थेंब घेत नाहीत. हात थरथरायला लागतात, तरी कॅलेंडरातली वेळ होईपर्यंत चंद्राकडे पाठ करून बसतात, कच्चा चंद्र दिसू नये म्हणून.

मग एका दुपारी मी कॅलेंडरच्या तळची बारीक अक्षरं वाचली. चंद्रोदय मुंबईचा होता. लेकीच्या शाळेचा नकाशा घेतला. मुंबई आणि भंडारा यांत पावणेसात अंशांचा फरक, आपण पूर्वेला. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून आपण आधी चंद्रासमोर येतो. अंशाला चार मिनिटं, म्हणजे सत्तावीस. आणि मुंबई तिथवर फिरून येईस्तोवर चंद्र स्वतः पाव अंश पुढे सरकतो, त्याचं एक. अठ्ठावीस. मी हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा घरात दुसराच विषय पेटला होता. लेक दहावी झाली होती, चांगल्या मार्कांनी, आणि तिला सायन्स हवं होतं. सासूबाई म्हणत होत्या, रोज बसनं भंडारा, अंधार पडता पडता येणार, कशाला. हे म्हणाले, "मी काही बोलत नाही बापा. माय आन् तू पाहून घ्या." तुमची आठवण झाली. तुम्ही निदान नाही तरी म्हणाला होता.

"आई," मी म्हटलं, "मुंबईवाल्यांचं चुकत नाही. त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. आपण मुंबईत नाही."

"तुले लय समजते," सासूबाई म्हणाल्या. "मंग सांग ना, येत्या चवथीले आपल्या इथं चंद्र नेमका कवा निंगन? मिनिटासगट सांग. बरोबर निंगाला तं पोट्टी भंडाऱ्याले जाईन. नाही निंगाला तं हा विषय पुन्हा माह्यासमोर काढाचा नाही."

त्या चेष्टेत बोलल्या असतील, पण शेजारची ऐकत होती, आणि ऐकलेलं तिच्या पोटात राहत नाही. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या ओळीला माहीत. कॅलेंडरात दहा वाजून चार मिनिटं होती. मी सांगून टाकलं: नऊ छत्तीस.

ती चतुर्थी. पावसाला अजून आठवडा होता, आकाश स्वच्छ. क्वार्टरांच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे आम्ही सगळ्या पूर्वेकडे तोंड करून. अर्घ्याचं पाणी, दूर्वा, नैवेद्याचं ताट. तुमचं टेबलघड्याळ लेकीच्या हातात, रेडिओवर मिळवलेलं. समोर टेकडी, तिच्यावर सागाची झाडं काळी. नऊ छत्तीस झाले. काही नाही. सदतीस. शेजारची म्हणते, "कुठी गेला वं तुहा चंद्र? बस हुकली काय त्याची?" बाया हसतात. लेक हसत नाही. ती घड्याळाकडे पाहतच नाही, माझ्याकडे पाहते, आणि मला तिच्या तोंडावर आंधळगावच्या ओसरीमागची चूल दिसते. अडतीस. एकोणचाळीस. सासूबाई खुर्चीवर, हात पदरात घेऊन बसलेल्या. चाळीस. मी पुन्हा पुन्हा पाढे म्हणते, कुठे चुकलं, वजाच्या जागी अधिक तर केलं नाही? नाही केलं. त्रेचाळीसला टेकडीच्या माथ्यामागे तांबूस उजेड, झाडांच्या फांद्या मोजता येतील असा. आणि चव्वेचाळीसला तो वर आला, एका बाजूने झिजलेला, सशासकट.

"आठ मिनिटं चुकली," शेजारची म्हणाली.

आणि तेव्हा मला कळलं. चंद्र नऊ छत्तीसच्या सुमाराला निघालाच होता. टेकडीनं त्याला अडवून धरलं होतं. मी क्षितिज सपाट धरलं होतं, बाबा, तुम्ही शिकवलं तसं. तुम्ही तलावाच्या पाळीवर उभे राहून बोलत होता, तुमच्यापुढे पाणी होतं. ज्याच्यापुढे पाणी आहे त्यानं खुशाल सपाट धरावं. माझ्यापुढे ते कधी सपाट नव्हतं. आधी तुम्ही होता, मग चूल होती, आता ही टेकडी.

मी सासूबाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलले. "हो, चुकले. टेकडी धरली नाही. मला शिकवलं तेवढंच मला येतं. म्हणूनच हिला धाडायचं आहे. माझ्याएवढंच हिला आलं, तर हिच्या लेकीचा चंद्रही आठ मिनिटं चुकेल. पैज मी हरले असेन, पण पोरगी जाणार."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग चंद्राकडे, चांगलं तोंड वर करून. मग लेकीला म्हणाल्या, "कॅलेंडरात किती होते वं?"

"दहा चार, आजी."

"आन् आता?"

"पावणेदहा."

"चुकली तं चुकली. वीस मिनिटं तं वाचली माह्या जिवाची." त्यांनी अर्घ्याचा तांब्या उचलला. पाणी सोडलं, हात जोडले, मोदकाचा तुकडा तोंडात टाकला. कच्च्या चंद्राला. बाकीच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकेक तांब्या उचलला. खाता खाता सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे पोट्टीले. पन टेकडी मोजाची शिकून ये म्हना."

तर अशी ती चालली आहे. आज पुस्तक उघडलं तर त्यात अंशांऐवजी रेडियन आहेत, आणि फेरीला तीनशे साठ न लिहिता दोन पाय (2π) लिहिलंय. मी म्हटलं, हे काय नवीन? ती म्हणाली, आई, तेच आहे, फक्त माप वेगळं. मग पेन्सिल कानामागे खोचून म्हणते, "ती आठ मिनिटं सगळी टेकडीची नसतील. आपण मुंबईच्या उत्तरेलाही आहोत ना. चंद्र दक्षिणेकडून निघत होता, तर अक्षांशाचाही काही फरक पडेल." किती, ते तिला अजून काढता येत नाही. मला तर हे सुचलंही नव्हतं. तुम्हाला सुचलं होतं का, हे मला माहीत नाही. मी दुसऱ्या खोलीत निघून गेले, कारण माझ्या चेहऱ्यावर तुमच्यासारखंच काहीतरी आलं होतं, आणि ते मला दाबायचं नव्हतं. मग परत आले आणि तिला म्हटलं, शाबास. हा एवढा शब्द आहे, बाबा. याला काही खर्च येत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून ते पंचांगात घालून देवघरात ठेवणार आहे. भांडण मिटलं असं समजू नका. चंद्र अंगणातून दिसतो हे तुमचं खरं, पण ते सांगून दार लावून घेणं खरं नव्हतं. मात्र एक सांगायचं राहिलं. त्या आठ मिनिटांत मी गणपतीचं नाव घेत नव्हते. संकष्टीचा उपास गणपतीचा, आणि मनात मी तुम्हाला हाका मारत होते, की बाबा, बघा ना, कुठे चुकलं माझं?

आठांतली टेकडीची किती आणि अक्षांशाची किती, तेवढं उलट टपाली कळवा.